पायॉन केंद्रकात नाहीसा होतो म्हणजे काय होतं? वही-पेन घेऊन बसणाऱ्यांसाठी

पायॉन हा प्रोटॉनपेक्षा बराच हलका, क्षणभंगुर कण. तो अणुकेंद्रकात शिरतो आणि पुन्हा दिसत नाही. नवख्याचा गोंधळ इथेच सुरू होतो. न्यूट्रॉन केंद्रकात शिरून अडकला तर तो आत न्यूट्रॉन म्हणूनच राहतो, बिऱ्हाडात एक माणूस वाढावा तसा. पायॉनचं तसं नाही. तो उरतच नाही. त्याच्या वस्तुमानाची ऊर्जा होते, आणि मग प्रश्न राहतो तो वाटणीचा: ही ऊर्जा कोणाला मिळाली, किती मिळाली?

म्हणून हा विषय शिकताना मी दोन रकान्यांची वही घालायला सांगतो. एका रकान्यात ऊर्जा, दुसऱ्यात संवेग. दोन्हीची बेरीज जुळली पाहिजे. पुंज यांत्रिकीचं जडजड गणित नंतर येऊ द्या. निम्मा विषय या वहीतच उलगडतो.

पायरी १: आकडे आणि एक सूत्र

भारित पायॉनचं वस्तुमान १३९.६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; इथे वस्तुमान आणि ऊर्जा दोन्ही याच एककात मोजतात), म्हणजे इलेक्ट्रॉनच्या २७३ पट आणि प्रोटॉनच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं. त्याचं सरासरी आयुष्य २६ नॅनोसेकंद. उदासीन पायॉन थोडा हलका, १३५ एमईव्ही, आणि तो इतक्या लवकर दोन गॅमा किरणांत मोडतो की शोषणाच्या गोष्टीत त्याला फारसं काम नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. दोघांचं वस्तुमान ९३९ धरा. प्रकाशाचा वेग १ मानला की संवेगही एमईव्हीतच मांडता येतो.

सूत्र एकच लागेल: संवेगाचा वर्ग = गतिज ऊर्जेचा वर्ग + २ × गतिज ऊर्जा × वस्तुमान. शाळेतल्या सूत्राचंच हे सापेक्षतावादी रूप आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी २: एकट्याला जमतं का ते पाहा

ही पायरी गाळू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

समजा पायॉन केंद्रकाजवळ येऊन पूर्ण थांबला आहे आणि एकाच न्यूक्लिऑनने त्याला गिळलं. ऊर्जेच्या रकान्यात १४० एमईव्ही जमा झाले. बंधन ऊर्जा, म्हणजे न्यूक्लिऑनला केंद्रकातून सोडवायला लागणारी ऊर्जा, तूर्त बाजूला ठेवू. हे सगळे १४० त्या न्यूक्लिऑनची गतिज ऊर्जा झाले, तर सूत्रात घाला: १४० चा वर्ग १९,६००. दोन गुणिले १४० गुणिले ९३९ म्हणजे २,६२,९२०. बेरीज २,८२,५२०, वर्गमूळ सुमारे ५३१.

आता संवेगाचा रकाना बघा. थांबलेल्या पायॉनने संवेग आणला शून्य. मग हे ५३१ आले कुठून? एकच वाट आहे: गिळण्याच्या आधीपासूनच त्या न्यूक्लिऑनकडे एवढा संवेग असला पाहिजे. पण केंद्रकातले न्यूक्लिऑन आपसांत धावत असले तरी त्यांच्या संवेगाची नेहमीची कमाल मर्यादा, म्हणजे फर्मी संवेग, कार्बनमध्ये सुमारे २२० आणि शिशात सुमारे २६५. आपल्याला हवा त्याच्या दुप्पट. असा न्यूक्लिऑन क्वचितच सापडतो.

बरं, पायॉनने धावत येऊन थोडा संवेग सोबत आणला तर? करून बघा. १६५ एमईव्ही गतिज ऊर्जेच्या पायॉनचा संवेग २७१ भरतो (सूत्र तेच, वस्तुमान १३९.६ घाला). पण आता एकूण जमा ऊर्जा ३०५ झाली आणि ती घेणाऱ्या न्यूक्लिऑनला ८१६ संवेग लागतो. तूट ५४५. म्हणजे पायॉनने जोर लावला तरी खड्डा भरत नाही, उलट किंचित वाढतो. मोकळ्या प्रोटॉनच्या बाबतीत तर ही गोष्ट पूर्ण अशक्यच आहे.

पायरी ३: तोच हिशोब जोडीवर करा

आता दोन न्यूक्लिऑन घ्या. थांबलेल्या पायॉनचे १४० दोघांत वाटले, प्रत्येकी ७०. सूत्रानुसार प्रत्येकाचा संवेग ३६९. आणि दोघे नेमके विरुद्ध दिशांना सुटले तर संवेगाची बेरीज शून्य, रकाना चोख. कोणाकडे आधीपासून काही शिल्लक असायची गरज नाही.

फक्त एक अट राहते. संवेग मोठा म्हणजे अंतर लहान, हा पुंज यांत्रिकीचा नियम. १९७ ला संवेगाने भागलं की अंतर फेमटोमीटरमध्ये (मीटरचा १०^१५ वा भाग) मिळतं. इथे १९७ भागिले ३६९, साधारण अर्धा फेमटोमीटर. केंद्रकात शेजारच्या न्यूक्लिऑनांमधलं सरासरी अंतर मात्र दोन फेमटोमीटरच्या जरा आत असतं. म्हणजे पायॉन गिळायला कुठलेही दोन चालत नाहीत. त्या क्षणी एकमेकांच्या अगदी अंगाला अंग लावून असलेले दोन लागतात. पायॉन शोषणाकडे भौतिकीवाले इतकी वर्षं लोभाने बघत आले ते याच कारणाने: केंद्रकातले दोन कण जवळ आल्यावर काय करतात, हे विचारायची ती एक खिडकी आहे.

आता पायरी २ मधला तो ५३१ संवेगाचा दुर्मीळ न्यूक्लिऑन आठवा. त्याच्याकडे एवढा संवेग येतो कसा? बहुतेक वेळा शेजारच्याशी जवळून टक्कर होऊन, आणि तो शेजारी तेवढ्याच संवेगाने उलट दिशेला चाललेला असतो. म्हणजे एकट्याने गिळला म्हणावं तरी जोडीदार मागच्या दाराने आत येतोच.

हे चित्र १९५१ मध्ये ब्रुकनर, सर्बर आणि वॉटसन यांनी मांडलं. केंद्रकातली प्रोटॉन-न्यूट्रॉनची जवळची जोडी क्षणभर ड्यूटेरॉनसारखी (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनच्या केंद्रकासारखी) वागते, म्हणून तिला अर्ध-ड्यूटेरॉन म्हणायची पद्धत पडली.

पायरी ४: ऋण आणि धन पायॉन वेगळे ठेवा

पदार्थात थांबलेला धन पायॉन केंद्रकापर्यंत पोचतच नाही. केंद्रकही धन, तोही धन. लांबूनच ढकलला जातो आणि २६ नॅनोसेकंदांच्या हिशोबाने म्यूऑनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडात, मोडतो. ऋण पायॉन मात्र ओढला जातो. १९४० मध्येच तोमोनागा आणि अराकी यांनी हा फरक कागदावर मांडला होता, पायॉन सापडायच्याही आधी. धन पायॉनचं शोषण पाहायचं तर त्याला पुरेशा ऊर्जेने आत फेकावं लागतं.

ऋण पायॉन थांबला की पुढचा प्रवास असा. तो इलेक्ट्रॉनच्या जागी बसून केंद्रकाभोवती फिरू लागतो; याला पायॉनी अणू म्हणतात. इलेक्ट्रॉनपेक्षा २७३ पट जड, म्हणून त्याच्या कक्षा तितक्याच पट आखूड. इलेक्ट्रॉनच्या कक्षेएवढी कक्षा हवी तर तो साधारण सोळाव्या पातळीवर बसतो (२७३ चं वर्गमूळ काढा). तिथून तो पायऱ्या उतरतो: आधी आसपासच्या इलेक्ट्रॉनांना हाकलत, मग क्ष-किरण सोडत. कार्बनसारख्या हलक्या अणूत बहुतेक पायॉन दुसऱ्या पातळीवरूनच शोषले जातात, तळमजल्यावर पोचणारे थोडेच. जड अणूत शोषण त्याहून वरच्या पातळीवर होतं. घन किंवा द्रव पदार्थात ही उतरंड इतक्या झपाट्याने होते की आयुष्याचे २६ नॅनोसेकंद संपायची पाळी येत नाही.

इथे एक सापळा आहे. पाण्यात पायॉन थांबवलात तर तो कोणाकडे जातो? अणू मोजले तर हायड्रोजन दुप्पट. तरीही जवळजवळ सगळे पायॉन ऑक्सिजनकडे जातात. हायड्रोजनने पकडलेला पायॉनसुद्धा पुढच्या धक्क्यात जड शेजाऱ्याच्या हवाली होतो. पाणी, प्लॅस्टिक, ऊती यांचा हिशोब करताना हायड्रोजनला टक्क्याहून फारसा जास्त वाटा देऊ नका.

पायरी ५: हायड्रोजन आणि ड्यूटेरियमवर हिशोब तपासा

शुद्ध हायड्रोजनमध्ये ऋण पायॉन थांबवला तर? केंद्रकात प्रोटॉन एकटा, जोडीदार नाही. म्हणजे नुसतं शोषण अशक्य, काहीतरी बाहेर फेकलंच पाहिजे. नेमकं तेच होतं. साधारण ६० टक्के वेळा न्यूट्रॉन आणि उदासीन पायॉन निघतो. उरलेल्या ४० टक्के वेळा न्यूट्रॉन आणि १२९.४ एमईव्हीचा गॅमा. या दोन वाटांचं गुणोत्तर, सुमारे १.५५, पॅनॉफ्स्कीच्या नावाने ओळखलं जातं. त्याने ॲमॉट आणि हॅडली यांच्यासोबत बर्कलीत हे मोजमाप केलं आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं.

मग त्यांनी त्याच भांड्यात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरलं. आता प्रोटॉनला न्यूट्रॉनचा जोडीदार मिळाला, आणि चित्रच पालटलं. जवळपास तीन चतुर्थांश वेळा नुसते दोन न्यूट्रॉन, पाठीला पाठ लावून. बाकीच्या वेळी दोन न्यूट्रॉन आणि गॅमा. उदासीन पायॉन जवळजवळ गायब. हिशोब करा: पायॉन आणि ड्यूटेरॉनची वस्तुमानं मिळवून त्यातून दोन न्यूट्रॉन वजा केले की १३६ उरतात, प्रत्येकी ६८ एमईव्ही. म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या छत्तीस टक्के. एक जोडीदार मिळाला आणि एवढा फरक पडला. पायरी २ आणि ३ चा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

या दोन न्यूट्रॉनांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडते. पायॉनचा स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) शून्य, ड्यूटेरॉनचा एक, आणि पायॉन पकडला गेला गोल, म्हणजे शून्य कोनीय संवेगाच्या कक्षेतून. एकूण कोनीय संवेग एक. आता दोन न्यूट्रॉन हुबेहूब सारखे, त्यांच्यावर पाउलीचं बंधन (असे दोन कण एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत): स्पिन एकत्र असतील तर कक्षीय संवेग विषमच हवा, विरुद्ध असतील तर सम. एकूण एक मिळवायच्या सगळ्या जोड्या वहीत मांडून बघा. एकच टिकते, कक्षीय संवेग एक आणि स्पिन एक. तिची पॅरिटी, म्हणजे सगळ्या दिशा उलट केल्यावर चिन्ह बदलतं की नाही हे सांगणारा गुण, ऋण. सुरुवातीच्या बाजूला ड्यूटेरॉनची पॅरिटी धन, कक्षेचीही धन. म्हणजे उरलेलं ऋण चिन्ह पायॉनच्याच पदरात. दोन न्यूट्रॉन निघतात एवढ्या एका निरीक्षणावरून पायॉनची अंगभूत पॅरिटी ठरली!

पायरी ६: डोळ्यांनी बघा

खऱ्या केंद्रकात जोडी सुटते तेव्हा गोष्ट तिथेच संपत नाही. सुटलेले दोघे वाटेत इतरांना धडकतात, केंद्रक तापतं, आणि मग तुकडे उडतात: प्रोटॉन, अल्फा कण, न्यूट्रॉन. छायाचित्रण पायसात, म्हणजे फोटोच्या पट्टिकेवरच्या इमल्शनमध्ये, हे चांदणीसारखं दिसतं आणि त्याला ताराच म्हणतात. १९४७ च्या जानेवारीत पर्किन्सने विमानातून उंचावर नेलेल्या पट्टिकेतला असा तारा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिस्टलच्या लॅटेस, ओक्यालिनी, पॉवेल यांच्या गटाने पायॉन म्यूऑनमध्ये मोडताना दाखवला. त्याआधी दार्जिलिंगच्या डोंगरांत विभा चौधरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी साध्या पट्टिकांवर वैश्विक किरणांतल्या मेसॉनच्या (इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वस्तुमानाच्या कणांच्या) रेघा मोजल्या होत्या, १९४१-४२ च्या सुमारास. युद्धामुळे त्यांना चांगल्या पट्टिका मिळाल्या नाहीत. आणि ‘मेसॉन’ हा सुटसुटीत शब्द १९३९ मध्ये सुचवला होता होमी भाभांनी. तोवर ‘मेसोट्रॉन’ चालायचं.

अशा ताऱ्याचा फोटो समोर आला तर पहिला प्रश्न विचारा: चार-पाच रेघांपैकी आत येणारी कोणती? सगळ्या एकाच बिंदूला मिळतात, बाण कोणी काढलेले नसतात. एकेका रेघेवरून बोट फिरवा. मंदावत चाललेला हलका कण वाटेतल्या अणूंकडून जास्त जास्त ढकलला जातो, म्हणून त्याची रेघ ताऱ्याकडे जाताना अधिकाधिक नागमोडी होत जाते, आणि चांदीचे काळे ठिपकेही दाट होत जातात. बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनची रेघ ताऱ्यापाशी विरळ आणि सरळ असते, दाट होते ती दूर टोकाला. एकदा हा फरक नजरेत बसला की मग चुकत नाही. काही पायॉन मात्र नुसतेच थांबलेले दिसतील, पुढे काही नाही. तिथे फक्त न्यूट्रॉन बाहेर पडलेले असतात, आणि न्यूट्रॉन रेघ काढत नाही. इमल्शनमध्ये थांबलेल्या ऋण पायॉनांपैकी साधारण चौथा हिस्सा असा मुका जातो.

कार्बन किंवा ऑक्सिजनमधल्या अशा स्फोटात १४० एमईव्हींपैकी साधारण ४० केंद्रक फोडण्यात खर्च होतात, ७० न्यूट्रॉन घेऊन जातात आणि जवळपास ३० आखूड पल्ल्याच्या भारित तुकड्यांना मिळतात. हे ३० एमईव्ही गाठीत नेमक्या जागी सोडावेत या आशेने १९७४ पासून लॉस अलामॉसला आणि नंतर व्हँकूव्हर आणि स्वित्झर्लंडमध्ये कर्करोगाच्या रुग्णांवर पायॉन उपचार झाले. खर्चाच्या मानाने फायदा दिसला नाही आणि ते बंद पडले.

पायरी ७: धावत्या पायॉनकडे वळा

पायॉनला वेग दिला की वाट बदलते. साधारण १९० एमईव्ही गतिज ऊर्जेला पायॉन आणि न्यूक्लिऑन मिळून डेल्टा नावाचा अल्पायुषी कण बनतो, वस्तुमान १२३२ एमईव्ही. त्याची पहिली चाहूल फर्मीच्या गटाला शिकागोत १९५२ च्या सुमारास लागली. केंद्रकात हा डेल्टा एकटा राहिला तर पुन्हा पायॉन सोडून मोकळा होतो, मग ते नुसतं विखुरणं झालं. पण मोडायच्या आत शेजारचा न्यूक्लिऑन त्याला भेटला, तर डेल्टा आणि न्यूक्लिऑन मिळून दोन न्यूक्लिऑन होतात आणि पायॉन कायमचा गेला. जोडी इथेही आहेच, फक्त ती दोन टप्प्यांत जमते. धन पायॉन आणि ड्यूटेरॉन यांपासून दोन प्रोटॉन होण्याची शक्यता म्हणूनच १४० एमईव्हीच्या आसपास टोक गाठते.

दोनच का, तीन किंवा चार न्यूक्लिऑन मिळून का नाही? होतात. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेतल्या लॅड्स या शोधकाने (कण टिपणाऱ्या यंत्राने, डिटेक्टरने) केंद्रकाभोवतीचा जवळजवळ सगळा घनकोन वेढून हेलियम-३ वर हेच तपासलं, आणि तिघांनी मिळून केलेल्या शोषणाचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नाही असं दिसलं. मात्र तीन बाहेर आले म्हणून तिघांनी गिळला असं लगेच लिहू नका. पायॉन आधी एकाला धडकून मग जोडीत गेला असेल, किंवा सुटलेल्यांपैकी एकाने तिसऱ्याला उडवलं असेल. हे वेगळं काढण्यात लोकांची कित्येक वर्षं गेली आहेत.

पायरी ८: स्वतः मोजताना किंवा संगणकावर चालवताना

शोषण म्हणजे ‘पायॉन बाहेर आला नाही’. ही व्याख्या नकारार्थी आहे आणि ती फसवते. माझा पहिला आलेख मी मोठ्या उत्साहाने सरांना दाखवला: शोषण अपेक्षेच्या दुप्पट! सरांनी शांतपणे विचारलं, शोधक किती लांब आहे? २७१ एमईव्ही संवेगाचा पायॉन सरासरी १५ मीटर जाऊन मोडतो. दहा मीटरच्या वाटेत जवळजवळ निम्मे आपोआप गळतात. मी मोडलेल्या सगळ्यांना गिळलेले समजून बसलो होतो. दुसरी गळती उदासीन पायॉनची: भारित पायॉन केंद्रकात प्रभार टाकून उदासीन झाला तर तोही भारित कणांच्या शोधकाला दिसत नाही, तेव्हा गॅमा पकडणारं काहीतरी ठेवाच. तिसरं, येणारा झोतही शुद्ध नसतो. त्यात म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन मिसळलेले असतात, ते उड्डाणकाळ मोजून वेगळे करा.

आज हा हिशोब सगळ्यात जास्त लागतो तो न्यूट्रिनोवाल्यांना, म्हणजे प्रभार नसलेल्या, जवळजवळ वस्तुमान नसलेल्या न्यूट्रिनो कणाचा अभ्यास करणाऱ्यांना. न्यूट्रिनो आर्गॉनच्या केंद्रकावर आदळून पायॉन तयार करतो, आणि तो पायॉन त्याच केंद्रकातून बाहेर पडायच्या आधी शोषला जातो. शोधकाला वाटतं पायॉन झालाच नाही. न्यूट्रिनोची ऊर्जा कमी मोजली जाते.

संगणकावर सुरुवात करायची तर पदार्थातून जाणाऱ्या कणांची नक्कल करणारं जिआंट-४ हे मोफत साधन घ्या. ग्रॅफाइटचा ५ सेंटिमीटर जाड ठोकळा ठेवा, त्यावर २० एमईव्हीचे एक लाख ऋण पायॉन सोडा. जवळजवळ सगळे आतच थांबतील. बाहेर येणाऱ्या न्यूट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख काढा. काही एमईव्हीपाशी तापलेल्या केंद्रकातून वाफेसारखे निघालेले न्यूट्रॉन दिसतील, आणि बरंच पुढे जोडीतून थेट सुटलेल्यांचा भाग. पण हे बघून ‘जोडी सिद्ध झाली’ म्हणू नका. त्यातल्या बर्टिनी प्रारूपात अर्ध-ड्यूटेरॉन आधीच लिहून ठेवलेले आहेत. तुम्ही घातलेलंच तुम्हाला परत मिळतंय. म्हणून धावत्या पायॉनसाठी तोच ठोकळा जिआंट-४ मधल्याच लीजच्या प्रारूपावरही चालवा, जिथे पायॉन आधी डेल्टा बनवतो आणि डेल्टा शेजाऱ्याला भेटतो. दोन्हींत एकत्र सुटलेल्या दोन न्यूक्लिऑनांमधला कोन काढून आलेख एकावर एक ठेवा. १८० अंशांपाशी दोन्ही जुळतात की नाही, आणि लहान कोनांकडे ते कुठे वेगळे होतात, हे वहीत टिपून ठेवा.